छापलेली सुभद्रा

अमरावती,
चैत्र वद्य पंचमी

प्रिय सुभद्राताई,

आधी एवढे ऐक, आई जिवंत आहे. पत्र आले म्हणजे घरातले कोणी गेले असे समजून तू रडायला लागशील, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहितो. पत्र उस्मान गाडीवान तुझ्या हाती देईल. तुला वाचता येत नाही, तेव्हा अकोल्यात जो कोणी वाचून दाखवील त्याला माझा नमस्कार सांग आणि मध्ये न थांबता शेवटपर्यंत वाच म्हणावे. घरातल्या गोष्टी परक्याच्या तोंडून ऐकताना तुला अवघड वाटेल. मलाही लिहिताना अवघड वाटते आहे, पण दुसरा मार्ग सुचला नाही.

तू गेल्यावर इथे पुष्कळ बदल झाला. अमेरिकेत लढाई पेटली आणि आपल्या काळ्या रानातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. आपल्याही घरावरचे गवत जाऊन कवेलू चढले. मी शाळा सोडून गयासुद्दीन शेठच्या वखारीत कापसाचे वजन लिहू लागलो. शेठ माणूस मोठा हौशी. मुंबईला रुई पोचवायला गेले की येताना काहीतरी नवे आणतात. एकदा घड्याळ आणले, एकदा आरसा, आणि गेल्या दिवाळीनंतर एक छापील पुस्तक. त्याचे खरे नाव हातभर लांब होते, ते कोणी घेत नसे. त्यातल्या बाईचे नाव सुभद्रा, म्हणून सगळे त्याला सुभद्रेचे पुस्तक म्हणत.

शेठना बालबोध लिपी येत नाही. मुंबईत घरोघरी हेच वाचून राहिले, एवढ्या ऐकीव गोष्टीवर त्यांनी ते आणले आणि आणल्या दिवसापासून त्याच्या प्रेमात पडले. "किसन, तू पढ. मैं रोता हूँ," असे म्हणून त्यांनी मला वखारीपुढे निंबाखाली बसवले. पहिल्या संध्याकाळी हमाल आणि गाडीवान तेवढे होते. मग पेठ जमू लागली, बायाही एका बाजूला येऊन बसू लागल्या. शाळेतले पंतोजी मात्र त्या बाजूने जाईनात. असल्या पुस्तकांनी बायका बिघडतात असे ते म्हणत. त्यांनी त्याचे एक पानही उलटले नव्हते, आणि शेठनीही नाही. एकाला ते न वाचता आवडले, दुसऱ्याला न वाचता नावडले. मला दोघांचेही हसू येई. घरी आपल्या आईचेही हसू आले, आणि त्याचेच आता वाईट वाटते.

पुस्तकातली सुभद्रा उज्जैनच्या एका सावकाराची सून. नवरा गलबतावर दूर गेलेला, सासू तिच्यावर खोटा आळ घेऊन तिला घराबाहेर काढते आणि ती रानोमाळ भटकते. तुझ्याशी तिचा काही संबंध नाही, ताई. तू शेतकऱ्याची लेक, तिवशाला दिलेली. तुझ्या नवऱ्याने तुला मारले तेव्हा तो दूर गलबतावर नव्हता, घरातच होता. तू पाठीवरचे वळ घेऊन आपल्या दारी आलीस आणि आईने तुला उंबऱ्याच्या आत घेतले नाही, "नांदाले जाय" म्हणून परत फिरवले. तू तिवशाला गेली नाहीस. रुळाच्या कामावरच्या खुशाल पाथरवटाबरोबर पाट लावलास आणि अकोल्याकडे निघून गेलीस. महादेवराव पाटलांनी पंच बसवले. फारकत न घेता दुसरे घर केले म्हणून तुझे नाव आमच्या घरात कोणी काढायचे नाही असे ठरले. आईने सगळ्यांसमोर सांगितले, "मले ते मेली." तेव्हापासून आमच्या घरात तुझे नाव कोणी उच्चारले नाही.

आता तुला कळेल मी रोज संध्याकाळी निंबाखाली का धावत होतो. तिथे मला सुभद्रा म्हणता येत होते. मोठ्याने, चारचौघांत, आणि कोणी अडवत नव्हते. "सुभद्रा उठली, सुभद्रेने पदर बांधला, सुभद्रा चालू लागली." वाचताना माझ्या डोळ्यांपुढे उज्जैनची कोणी येत नसे. आणि ऐकणारे रडत! सगळ्यांत मोठ्याने महादेवराव रडत, पागोट्याचा शेमला डोळ्यांना लावून. एकदा न राहवून मी त्यांना म्हटले, "पाटीलबुवा, आपल्या गावातही एक होती." ते नाक पुसत म्हणाले, "थे येगळं, बापू. हे पुस्तकातलं हाय."

आई कधीच आली नाही. पुस्तक घरी आणले तर चुलीत घालीन म्हणाली. एकदा ते माझ्या काखेत दिसले, तर आंघोळ केल्याशिवाय तिने मला भाकर वाढली नाही. मी विचारले, आई, त्यात वाईट काय आहे ते सांग तरी. ती म्हणाली, "मले नाही मालूम. पण थे चांगलं नाही. त्याची सावली नोको घरात." पेठेतल्या बाया तिची थट्टा करू लागल्या. शेजारच्या गोदाबाई तर मला हसून सांगत, "तुह्यी माय पुस्तकाले शिव्या देते अन् इहिरीवर मलेच इचारते, तिच्या पायात वहाणा होत्या का म्हणून." मी ऐकले आणि हसलो. त्या दिवशी मला समजायला हवे होते. आदल्या संध्याकाळच्या वाचनात सुभद्रेच्या पायात काटा मोडला होता, आणि आई रात्री उठून दाराशी बसली होती. मला वाटले, उकडत असेल.

फाल्गुन सरता सरता पुस्तक संपले. शेवटी ती सुभद्रा एका धर्मशाळेत मरते, नवरा पोचायच्या आत. मला पुढचे अक्षर दिसेना, शेठ ओक्साबोक्शी रडले, आणि बाया डोळे पुसत आपापल्या घरी निघाल्या. दिवस मावळत होता. आई ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. तिच्यासमोरून जाताना गोदाबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "पार्बताबाई, गेली वं सुभद्रा." हे मला मागून गोदाबाईंनीच सांगितले, ऊर बडवत. आईने एवढेच विचारले, "कवा?" गोदाबाई म्हणाल्या, "आत्ताच." आईने विचारले, "कोन होतं जवळ?" त्या म्हणाल्या, "कोनी नव्हतं वं. धर्मशाळेत एकलीच पडली होती." आणि पदराने नाक पुसत त्या पुढे गेल्या. त्यांच्या मनात दुसरे काही नव्हते. आईला सगळी गोष्ट ठाऊक आहे असे त्या धरून चालल्या होत्या.

मी घरी आलो तेव्हा सूप उपडे पडले होते आणि ओट्यावर कोंबड्या दाणे टिपत होत्या. आई अकोल्याकडे जाणाऱ्या बडनेऱ्याच्या रस्त्यावर सापडली. अनवाणी, डोक्यावर पदर नाही, झपाझप चालत होती. मी हात धरला तर तिने झटकला. "मले काहून नाही सांगतलं? तू तं रोज वाचत होता. आजारी होती तं सांगाचं होतं. मी गेली असती." मला आधी काहीच उमगेना. उमगले तेव्हा मी रस्त्यात खाली बसलो. आई, म्हटले, ती पुस्तकातली होती. ती माझ्यावर ओरडली, "पुस्तकातलीच तं म्हणून राहिली मी! माह्या पोरीचं छापलं लोकायनं. तिकडं मुंबईत छापलं अन् इथं निंबाखाली बसून आयकलं. माह्या दारातून गेली, रानात गेली, सारं छापलं. मी तवाच ओळखलं होतं."

त्या पुस्तकाचा तिला का तिटकारा होता ते मला तेव्हा कळले. निंबाखाली एकदाही न बसता, विहिरीवर कानावर पडले तेवढ्यावरूनच तिने त्यात तुला पाहिले होते. सासूने दाराबाहेर काढले, ती सासू नव्हे तर आपणच, असे ती समजत होती. गाव जमून आपला न्याय करते आहे आणि आपलाच मुलगा तो मोठ्याने वाचून दाखवतो आहे, हे ती चार महिने सोसत होती. मी एकदा जवळ बसून म्हटले असते, की आई, ही दुसरी, आपली ताई अकोल्यात सुखात आहे, तर संपले असते. पण मला तुझे नाव तिच्यापुढे काढायची छाती झाली नाही. आणि खरे सांगायचे तर तू सुखात आहेस की नाही हेही मला माहीत नव्हते. मी कधी विचारायला आलो नाही. उस्मानने तुला अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी कपडे धुताना पाहिले, एवढे मात्र गेल्या वर्षीच कानावर आले होते.

मग काय काय झाले ते थोडक्यात लिहितो. आईने डोक्यावरून पाणी घेतले. मी विधी करायला साफ नकार दिला, तेव्हा दहाव्या दिवशी तिने स्वतःच नाल्याकाठी भाताचा गोळा नेऊन ठेवला. मी दूर उभा होतो. कावळे आले, काठच्या झाडावर बसले, पण एकही खाली उतरला नाही. जिवंत माणसाच्या पिंडाला कावळा कसा शिवेल, ताई? माझ्या मनात तर आनंदच झाला. मी धावत जाऊन म्हटले, पाहा, ती आहे. आई त्या भाताकडे पाहत म्हणाली, "रुसली माह्यावर." आणि ऊन चढेपर्यंत तिथेच हात जोडून बसली. तू दारी आलीस तेव्हा ज्या शब्दांनी तिने तुला परत फिरवले ते सगळे शब्द तिने परत घेतले, एकेक करून, त्या भातासमोर. मी ते ऐकले. ते इथे लिहिणार नाही. तुझ्यासाठी होते, तूच तिच्याकडून ऐक.

आम्ही नाना उपाय केले. गयासुद्दीन शेठ स्वतः घरी आले, पायरीखाली उभे राहून म्हणाले, "बाई, मीच आणलं ते मुंबईहून. किस्सा आहे, कोणी मेलं नाही." आई म्हणाली, "मंग नाव काहून माह्या पोरीचं?" उस्मानला आणले. त्याने शपथ घेऊन सांगितले की तुला या डोळ्यांनी पाहिले. आईने विचारले, "कवा पाहिलं?" तो म्हणाला, गेल्या पावसाळ्यात. ती म्हणाली, "थे मंग आधीचं हाय." पंतोजी आले आणि असली पुस्तके म्हणजे निव्वळ थापा असतात हे समजावू लागले. तिने त्यांनाच गप्प केले. सरकारी कागद छापलेला असतो, तो खोटा असतो का, असे विचारले. मी शेवटची पाने तिच्यापुढे धरली, तर तिने त्यांवर हात ठेवला आणि ती रडली. ज्या पुस्तकाची सावली नको होती ते आता तिच्या उशाशी असते, आणि मला ते हलवू देत नाही.

ती फार थकली आहे, ताई. एक वेळ कसेबसे खाते. माझा डोळा लागला की बडनेऱ्याच्या रस्त्याला निघते, म्हणून तिला सोडून मला अकोल्याला येता येत नाही, नाहीतर हे पत्र लिहिले नसते, स्वतःच आलो असतो. इतक्या वर्षांत आलो नाही आणि आता यायचे तर बांधला गेलो आहे. उस्मानच्या गाडीत बसून तू ये. खुशालभाऊजींनाही आण, मूलबाळ असेल तर तेही आण. असेल की नाही, हेही मला ठाऊक नाही. पंचांचे मी पाहून घेतो. महादेवरावांना मी सांगून ठेवले आहे की पुस्तकातलीसाठी रडलात, आता घरातलीसाठी तेवढे गप्प बसा. तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावर आईचा विश्वास बसणार नाही. तुला पाहून ती प्रथम भिईल, देवाचे नाव घेईल, भिंतीला चिकटेल, कदाचित दगडही फेकील. तू मागे सरू नकोस. या खेपेला ती नाही म्हणाली तरी उंबरा ओलांड, चुलीपाशी जाऊन बैस आणि म्हण, "आई, मले भूक लागली." काही दुसरे बोलू नकोस. ती भाकर थापायला बसली, की मी समजेन तुझी आणि माझी आई आपल्याला परत मिळाली.

तुझी वाट पाहत दारात उभा असलेला,
तुझाच
किसन