उणे चिन्हाचा सूड

१८ जानेवारी २०२५, शनिवार
आज विभागाच्या सेमिनारमध्ये अपमान झाला. केला राजेश्वरीने. माझी एमएस्सीची विद्यार्थिनी, दोन वर्षांपासून माझ्याच विभागात असिस्टंट प्रोफेसर. मी माझं १९९८ चं काम सांगत होतो: टँटलमच्या उत्तेजित केंद्रकाचं मॅग्नेटिक मोमेंट, म्हणजे ते केंद्रक केवढं चुंबक आहे ते. ती उठली आणि अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, आकडा बरोबर आहे, पण चिन्ह उणे नको, अधिक हवं ना?"
मी हसलो. सगळ्यांना वाटलं मोठ्या मनाने हसलो.
सूड घेणार.

१९ जानेवारी, रविवार
सूड हा शब्द बरा नाही. शास्त्रीय पुनर्मापन म्हणू. २८ मार्चला आपल्याच कॉलेजात परिषद आहे. तोपर्यंत प्रयोग नव्याने करून उणे सिद्ध करायचं आणि तिने सर्वांसमोर माफी मागायची.
भाषणासाठी सोप्या शब्दांत पद्धत: केंद्रक एकामागून एक दोन गॅमा किरण सोडतं. मधले दहाएक नॅनोसेकंद ते उत्तेजित असतं. तेवढ्यात बाहेरचं चुंबक त्याला जरासं फिरवतं. दुसरा किरण कुठल्या दिशेने निघाला त्यावरून किती फिरलं ते कळतं. किती, तो आकडा. कोणत्या बाजूला, ते चिन्ह.
बायकोला, चंद्रिकाला, वाचून दाखवलं. ती म्हणाली कळलं. नंतर विचारलं, चपात्या करू की भाकरी.

२७ जानेवारी
टाइमटेबल माझ्या हातात असतं. राजेश्वरीला मार्चअखेरपर्यंत रोज सकाळी सातची प्रॅक्टिकल्स दिली. ती लांब होटगी रोडहून स्कूटीवर येते. "बरं सर," म्हणाली. आतून खचली असणार.

४ फेब्रुवारी
तिने लॅबचा एसी दुरुस्त करायचा अर्ज दिला आहे. माझ्या सहीशिवाय पुढे जात नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

१२ फेब्रुवारी
किरणोत्सारी स्रोत आला. मुंबईहून, शिशाच्या डब्यात. हाफ्नियमचं द्रावण, त्यातूनच उत्तेजित टँटलम तयार होतं. दोन कुप्या. एक तीव्र, एक कमजोर. बेचाळीस दिवसांत दोन्हींची तीव्रता निम्मी होते, त्यामुळे घाई हवी.
तीव्र मी घेतली. तिलाही मोजायचं होतं, तिला कमजोर दिली. रजिस्टरवर सही घेतली.

१४ फेब्रुवारी
मोजणी उद्यापासून. आज तिच्या माफीचा मसुदा केला. ऐन वेळी तिला शब्द सुचणार नाहीत. "माझ्या बालबुद्धीने" हे तीन वेळा आलं होतं, एक काढलं. उदार राहायचं.

२५ फेब्रुवारी
मोजणी अजून सुरू नाही. विजयाचं भाषण मात्र तयार आहे, अठरा मिनिटांचं. स्रोत थोडा उतरला असेल. तीव्रच आहे, उतरला तरी काय.

३ मार्च, दुपारी २
मोजणी सुरू. बाहेर एकोणचाळीस अंश, आत त्याहून जास्त. डिटेक्टर तापले की सिग्नल सरकतो आणि दर तासाला पुन्हा जुळवावं लागतं. एसी असता तर बरं झालं असतं. कॉलेजचा कारभार कुणी बघत नाही.
अर्ज ड्रॉवरमधून काढून सही केली. ऑफिस म्हणालं, आता नवीन आर्थिक वर्षात.

४ मार्च
चुंबकाचं उत्तर टोक कोणतं ते ठरवलं. होकायंत्र जवळ नेलं, सुईचं उत्तर टोक ज्या ध्रुवाकडे ओढलं गेलं, त्यावर खडूने "उ" लिहिलं. १९९८ ला असंच केलं होतं. फोटो काढून ठेवला, पुरावा असावा.
आमचा लॅब अटेंडंट बिभीषण, माढ्याकडचा, बत्तीस वर्षं नोकरी. बघत होता. म्हणाला, "सर, सुईचं उत्तर टोक वडून घेतंय म्हंजे ती बाजू दक्षिण हाय की. नातीच्या पुस्तकात हाय तसं."
त्याला सांगितलं, हे न्यूक्लिअर फिजिक्स आहे. व्हय म्हणाला आणि झाडू घेऊन गेला.

११ मार्च
आलेखात काहीच दिसत नाही. नुसते ठिपके. स्रोत जास्त तीव्र असला की दोन वेगळ्याच केंद्रकांचे किरण एकदम येतात आणि यंत्राला ती जोडी वाटते. खोटे योगायोग.
राजेश्वरी दारातून म्हणाली, "सर, थोडंच द्रावण वेगळ्या कुपीत घेऊन बघा, बाकीचं शिशात राहू द्या." मला माहीत आहे म्हटलं. ती गेल्यावर तसं केलं. आलेख सुधारला. योगायोग.

१३ मार्च
बिभीषणकडून कळलं की राजेश्वरीची मोजणी संपली. कमजोर कुपी आणि सकाळचा गारवा, सिग्नल जागचा हलला नाही म्हणे. सकाळी सातची वेळ तिला कुणी दिली, असं मला त्याला विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

२० मार्च
उणे आलं. सातव्या खेपेला. आधीच्या सहा खेपांत काही ठरत नव्हतं, त्या धरल्या नाहीत. चंद्रिकाला फोन केला. तिने विचारलं, आता जेवायला वेळेवर येणार का.

२८ मार्च, शुक्रवार, संध्याकाळी
लिहावं की नाही, विचार करत होतो.
भाषण सोळा मिनिटं छान चाललं. माफीचा मसुदा खिशात. पुण्याहून आलेले एक वयस्क प्राध्यापक म्हणाले, चुंबकाची दिशा कशी ठरवलीत? मी अभिमानाने होकायंत्राचा फोटो पडद्यावर लावला. पाच फूट रुंद. ते चष्मा वर करून पडद्याजवळ आले. मग हळू आवाजात म्हणाले, सुईचं उत्तर टोक ओढतो तो ध्रुव दक्षिण असतो, म्हणजे तुमचं चिन्हही उलटं. मागे बीएस्सीची मुलं होती. त्यांतला एक जण म्हणाला, शाळेत होतं हे.
मग राजेश्वरी उठली. मी टेबल धरलं. पुढचं भाषण तिचंच होतं, तिचं चिन्ह अधिक. ती म्हणाली, "चिन्ह सोडलं तर सरांच्या १९९८ च्या आकड्यात आणि आमच्या आकड्यात शेकडा एकाचाही फरक नाही. तेव्हाच्या यंत्रांवर त्यांना हे कसं जमलं, मला अजून कळलेलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.
तिने मला वाचवलं. याचा सूड कसा घेतात, मला माहीत नाही.

१ एप्रिल
ज्या नियतकालिकात लेख आला होता, त्यांना दुरुस्ती पाठवली. "उणेऐवजी अधिक वाचावे." चंद्रिकाने विचारलं, सत्तावीस वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? चिन्ह ही सूक्ष्म गोष्ट असते म्हटलं.

१६ एप्रिल
संपादकांचं उत्तर आलं. माझ्या लेखाचा संदर्भ आजवर एकाच निबंधात सापडतो. तो निबंध त्यांनी गेल्या आठवड्यात छापायला घेतला. लेखिका राजेश्वरी. तिने तळटीपेत चिन्ह दुरुस्त केलं आहे, सबब वेगळ्या दुरुस्तीची आवश्यकता नाही.
एकच. दोनदा वाचलं.
लॅबमध्ये गेलो. ती तारा गुंडाळत होती. दारातूनच विचारलं, माझा तो लेख तुला मिळाला कुठे?
म्हणाली, "सर, तुम्हीच दिला होता की, एमएस्सीला. परीक्षेत येईल म्हणाला होता."
आला होता का, मी विचारलं.
नाही म्हणाली.