घोडीच्या नावावरचा एक्स-रे

पेद्रा मान्सा,
संत योहानाच्या सणाला पाच दिवस उरले असताना

चि. आदेमार यास,

थोरली बहीण म्हणून माझे आशीर्वाद, आणि तुझ्या बाप्तिस्म्याला तुला कडेवर घेऊन मीच उभी होते, तेव्हा धर्ममाता म्हणून आणखी एकदा आशीर्वाद. गेल्या रविवारी फोनवर तू आशीर्वाद मागायचा विसरलास आणि थेट भांडायलाच सुरुवात केलीस. साओ पाउलोत बावीस वर्षं काढली की माणसाचं असं होत असावं. तुझ्या पित्ताचं कसं आहे? भावजय अजून तुला रिकाम्या पोटी कॉफी देते का? (देत असेल तर तिला काही बोलू नकोस, तूच पिऊ नकोस.) इकडे सगळं क्षेम आहे. मका बरा आलाय, शेळी व्यायली, तुझ्या दाजींचा, एवारिस्तोचा, खुबा मात्र दुखतो. त्याचं पुढे लिहीन.

फोनवर तू तीनदा विचारलंस, "ताई, तो माणूस तुरुंगात जाऊन आला, तरी तुम्ही त्यालाच मत देणार? तुम्हा लोकांना काही कळतं की नाही?" आणि फोन आपटलास. मी एकतीस वर्षं मास्तरकी केली, उत्तर अर्धवट टाकून उठणाऱ्याला मी वर्गातून जाऊ दिलेलं नाही. म्हणून हे पत्र. पहिली गोष्ट, आम्हाला कळतं. तुला वर्तमानपत्रातून कळतं ते आम्हाला न्हाव्याकडे दोन महिने आधी कळलेलं असतं. नदीवरच्या पुलाचं उद्घाटन दोनदा झालं आणि पूल एकदाही झाला नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. दोन्ही वेळा वडे खायला आम्हीच होतो. आमचे महापौर डॉक्टर ओलेगारियो डॉक्टर नाहीत (वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षातून परत आले), हेही सगळ्यांना माहीत आहे. तू त्यांना "तो" म्हणतोस, मला अजून "ते"च म्हणवतं. हा माझा दोष आहे असं समज आणि पुढे वाच.

एक्स-रे यंत्राची गोष्ट तुझ्या पेपरात चार ओळींत आली: गावाच्या दवाखान्याचं यंत्र महापौराच्या घोड्यांच्या तबेल्यात सापडलं. अगदी खरं आहे. पण त्या चार ओळींच्या आधीची तीन वर्षं पेपरात आली नाहीत. यंत्र आलं ते वाल्देसिर महापौर असताना. वाल्देसिर म्हणजे माझाच विद्यार्थी, पहिल्या बाकावरचा, खडूचा तुकडासुद्धा घरी नेला नाही त्याने. यंत्र आलं तेव्हा नियम असा निघाला की यंत्राच्या खोलीच्या भिंतींना शिशाचा पत्रा हवा. पत्र्याला परवानगी हवी. परवानगीसाठी नकाशा हवा, आणि नकाशा काढणारा इंजिनियर राजधानीहून यायला हवा. तो तीन वर्षं येत होता. तोवर यंत्र लाकडी खोक्यात, आणि खोक्यावर पहारेकऱ्याची तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी एकदा वाल्देसिरला भेटायला गेले तर बाहेरच्या बाईने मला नंबराचा कागद दिला आणि बाकावर बसवलं. आत गेल्यावर तो म्हणाला, "बाई, नियम सगळ्यांना सारखा. तुम्हीच शिकवलंय." मला त्याचा इतका अभिमान वाटला की घरी येऊन एवारिस्तोला सांगताना डोळे भरून आले. आणि चार महिन्यांनी मी त्याला मत दिलं नाही. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, त्या बाकावर मी कुणीच नव्हते म्हणून असेल.

डॉक्टर ओलेगारियो निवडून आले आणि तिसऱ्या आठवड्यात खोकं गायब झालं. शेजारची झुलेइदे म्हणाली, "नेलं तर नेलं. कोंबडी तरी उठली." आणि आठ दिवसांत यंत्र त्यांच्या तबेल्यात सुरूसुद्धा झालं. शिसं नाही, नकाशा नाही. सकाळी घोडे, कारण घोड्यावरून बैलाची शेपटी धरून त्याला लोळवायच्या शर्यतीत घोड्यांचे पाय सारखे दुखावतात. आणि मंगळवारी-शुक्रवारी, घोडे आटोपल्यावर, माणसं. फुकट. फोटो जनावरांचा डॉक्टर काढायचा, पण काढायचा झकास. अख्ख्या गावाची हाडं त्याने पाहिली.

तीन वर्षांपूर्वी सणाच्या पताका लावताना मी शिडीवरून पडले, ते तुला आठवत असेल. (नसेल, कारण तू तेव्हा संपात होतास.) मनगट वांग्यासारखं झालं होतं. मी तबेल्यात गवताच्या भाऱ्यावर सव्वादोन तास बसले, कारण प्रिन्सेसा नावाच्या घोडीची दुसऱ्या दिवशी शर्यत होती आणि तिचा नंबर आधी होता. ती ऐटीत उभी, मी रडवेली. तेवढ्यात डॉक्टर ओलेगारियो स्वतः कॉफी घेऊन आले. माझा हात चालेना म्हणून कप त्यांनीच माझ्या तोंडाशी धरला. विचारलं, "बाई, तुमचा आदेमार अजून तसाच तापट आहे का? लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा आमच्या बाबांच्या ट्रकमधून नेलं होतं त्याला. मी मागे बसलो होतो, त्याचं डोकं मांडीवर घेऊन." आदेमार, ही गोष्ट मी विसरले होते. तू तर विसरलेलाच असशील. त्यांना आठवत होती. सव्वादोन तास बसल्याचं दुःख त्या एका कपात विरघळलं, आणि मला आधी घ्या असं म्हणायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. वर फिल्मवरची चिठ्ठी बदलायची राहिली. राजधानीतल्या हाडांच्या डॉक्टरने ती उजेडाला धरून वाचली, "प्रिन्सेसा, पुढचा उजवा पाय, वय सात," आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. प्लास्टर मात्र बरोबर घातलं.

तेव्हापासून दर जूनला मी डॉक्टर ओलेगारियोंना पेरूच्या वड्यांचा डबा नेऊन देत आले. तीन जून झाले.

आता एक गोष्ट लिहिते ती तुझ्या बाजूची आहे. झुलेइदेचा नवरा जेनेझियो काजूच्या झाडावरून पडला तो रविवार मोठ्या शर्यतीचा होता. यंत्र ट्रकवर चढवून शर्यतीला गेलं होतं. वैदूने पाय चाचपून बांधला तो वाकडाच जुळला. आता तो पाय दोन बोटं आखूड आहे. डॉक्टर ओलेगारियोंनी त्याला तबेल्याच्या फाटकावर नोकरी दिली. मी झुलेइदेला म्हटलं, अगं, यंत्र दवाखान्यात असतं तर पाय वाचला असता. ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, "पाय झाडाने मोडला. नोकरी डॉक्टरांनी दिली. तुझ्या वाल्देसिरने काय दिलं असतं, नंबराचा कागद?" याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव, पण तिच्यासमोर उभं राहून देता येईल असं असू दे.

एप्रिलमध्ये पोलिसांनी तबेल्यावर धाड घातली, यंत्राला सील ठोकलं आणि डॉक्टर ओलेगारियोंना धरून नेलं. अकरा दिवसांनी ते सुटून आले तेव्हा वेशीवर बँड होता, फटाके होते. (मीही होते. आधीच सांगून टाकते, कारण फोटोत माझी टोपी दिसते.) मे महिन्यात एवारिस्तो अंगणात घसरला. यंत्र सील, जवळचं शहर एकशे ऐंशी किलोमीटर, तिथली यादी चार महिन्यांची. गावात आता लोक काय म्हणतात ठाऊक आहे? "पोलिसांनी आमचं यंत्र बंद केलं." पहिल्यांदाच लोक त्याला आमचं म्हणाले, आणि तेही पोलिसांवर चिडून. डॉक्टर ओलेगारियोंची मतं धाडीनंतर वाढली ती अशी.

मग सरकारी वकील आली. तुझ्या मुलीच्या वयाची, उन्हाने लाल झालेली. यंत्र तबेल्यात वापरलं याचा पुरावा म्हणून तिला फिल्म हव्या होत्या, आणि गावात एकाएकी कुणाचंच हाड कधी मोडलेलं नव्हतं. माझ्याकडे आली, मी कॉफी दिली. तिने विचारलं, यंत्र कुणाचं होतं? मी म्हटलं, डॉक्टर ओलेगारियोंचं. तिने तसं लिहून घेतलं आणि एक फोटो माझ्याकडे फिरवला. यंत्राच्या बाजूला पितळी पाटी होती: पेद्रा मान्साच्या जनतेच्या मालकीचे. माझ्या भाऱ्यापासून ती तीन हातांवर असणार. एकतीस वर्षं मी पोरांना वाचायला शिकवलं, आणि सव्वादोन तास त्या पाटीसमोर बसून मी ती वाचली नाही. मी कॉफीबद्दल आभार मानत होते. आदेमार, मला लाज वाटली. चोरी त्यांनी केली, आणि जन्मात पहिल्यांदा लाज वाटली ती मला.

तीस तारखेला न्यायाधीशांपुढे माझी साक्ष आहे. तू म्हणतोस फिल्म दे. फिल्म सापडत नाही, घर पालथं घातलं. तेव्हा तो विषय सोड, आणि आम्हाला मूर्ख म्हणणंही सोड. आम्ही ज्याला मत देतो तो चोर आहे हे आम्हाला माहीत आहे; ज्यांचं चोरलं ते आपणच, एवढं मात्र कुणी नावाने सांगितलं नव्हतं.

भावजयीला आणि मुलांना आशीर्वाद. पित्ताला जप.

तुझी ताई,
क्लेओनिसे

ता. क. सोबत पेरूच्या वड्यांचा डबा पाठवते आहे. दरवर्षीप्रमाणे त्यांच्यासाठीच केल्या होत्या. फाटकापर्यंत नेल्या. जेनेझियोने लंगडत येऊन फाटक उघडलं, आणि माझ्याने आत जाववेना. तुम्ही खा.

ता. क. दुसरं. हे पत्र खरं तर एवारिस्तोच्या खुब्यासाठी आहे. तुझ्या बायकोची मावसबहीण जवळच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहे ना? तिला एक फोन कर आणि यादीत त्याला जरा वर घ्यायला सांग. हे वाचून तू कसं हसशील ते मला दिसतं आहे. हस, पण फोन कर. त्याला रात्रभर कूस बदलता येत नाही.

ता. क. तिसरं आणि शेवटचं. वड्या संपल्या की डब्याच्या तळाचा कागद उचल. खाली फिल्म आहे; सापडत नाही असं वर लिहिलं ते खोटं. दुमडू नकोस, त्या वकील मुलीच्या हातात नेऊन दे. टपालाने थेट तिला पाठवली असती तर आपल्या पोस्टमास्तरने आधी तबेल्यात दाखवली असती, वड्यांवर तो संशय घेत नाही. ऑक्टोबरातल्या निवडणुकीत कोणतं बटण दाबेन ते अजून ठरलेलं नाही, आणि ते तू विचारूही नकोस. तिला एवढंच सांग की नाव घोडीचं असलं तरी मनगट माझं आहे, आणि न्यायाधीशांपुढे तसं मी स्वतः उभी राहून सांगणार आहे.