पन्नीतला मोबाइल

९ डिसेंबर
आजही तेच! दहावीच्या ग्रुपवर विज्ञानाच्या सरनं व्हिडिओ टाकला, अन् मोबाइल बाबासंग तलावावर! घरात रेंज नाई, तलावाच्या पाळीवर हाय — म्हणून आमी पोट्ट्या शाळा सुटली का पाळीवर जाऊन बसतो. पण दिवाळीपासून बाबा मोबाइल देऊनच नाई राह्यले. प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळते, डोंग्यात ठेवते. मासोळ्या काय फोन करते का त्याईले?

११ डिसेंबर
देवाजीमामा आले होते. "दामिनी दिवसभर मोबाइलच पाह्यते, कायचा अभ्यास! दहावी झाली का बस कर, केवळराम." बाबा जाळं शिवत बसले. अरे, हो तरी म्हणा, नाई तरी म्हणा! मले अकरावी सायन्सले जाचं हाय, वरोऱ्याले. बाबाले माहीत हाय ना!

१२ डिसेंबर
रडली. बस.

१५ डिसेंबर
वर्गातल्या पुनमच्या मोबाइलवर भिंगाचं गणित पाह्यलं. व्हिडिओतला माणूस एका रीतीनं करते, सर दुसऱ्या. एआयले इचारलं तं त्यानं तिसरंच उत्तर देल्लं — अन् असं ठासून, का मीच येडी! सर म्हणते, "मोबाइलनं डोस्कं चालवलं, तुमी कवा चालवसान?" अन् व्हिडिओ पाहाले तेच लावते! पुनम म्हणे, "जे समजलं ते लिव." काईच नाई समजलं तं?

१८ डिसेंबर
मायले इचारलं, "बाबा मोबाइल काऊन नाई देत वं?"
"त्याईलेच इचार."
बाबाले इचारलं. "काम हाय." तलावात मोबाइलचं कायचं काम बापा? वाचता तं येत नाई त्याईले! मामाचंच ऐकलं असन. पण मंग काल न सांगता माह्या सायकलची चेन काऊन बसवून देल्ली? शाळा बंद करणारा बाप सायकल कायले दुरुस्त करन? माहं डोस्कं फिरून राह्यलं.

२० डिसेंबर
मायनं च्या देऊन पाळीवर धाडलं. बाबा डोंग्यात, पाठमोरे. मोबाइल तोंडापाशी धरलेला. आतला आवाज बाईचा, म्हणून त्या एआयले बाईच म्हणत होते —
"बाई, वरोऱ्याच्या होस्टेलात पोरीइले मासोळी खाऊ देते का?"