दाराजवळचं बस्कर

पवनार, ३ नोव्हेंबर १९५४

चि. मनोहरास गोपिकाताईचा आशीर्वाद. तो रितीचा हाय. पुढचं रागात लिहून राह्यली.

पाडव्याच्या पंगतीत माही नलू आपला पाट उचलून दाराजवळ जाऊन बसली. हात धरून आत आणलं, तं पुन्हा उठली! पोरीले ऐकू येत नाई, पण तिची जागा दारात हाय हे कोणीतरी पक्कं शिकवलं. कोणी? मास्तर तूच, मामाही तूच. तुह्या घरी ठेवली ते शाळेत बसाले, उंबरठा राखाले नाई. भाऊबीजेले आला नाई ते बरंच झालं, ओवाळाच्या आधी मीच भांडली असती. वावरातली वांगी बरी हायत. खरं काय ते लिही.

तुही ताई, गोपिका

वडनेर, ९ नोव्हेंबर १९५४

तीर्थरूप ताईस मनोहरचा दंडवत.

तुझे पत्र वाचून इंदिरेनेही माझ्याशी अबोला धरला आहे. दोन दिवस स्वतःच वाढून घेतो. ताई, नलूचे बस्कर दाराजवळ टाकले ते तिच्याच भल्यासाठी. मधे बसली की मुले हसतात, आणि धडा तिला कळत नाही. टकळीवर मात्र तिचे सूत सर्वांत बारीक. हजेरीला शेजारची पद्मा तिच्या खांद्याला हात लावी, मग नलू हात वर करी. पण एकीची हजेरी दुसरीने द्यायची नसते. तपासणीला साहेब आले तर जाब मला द्यावा लागेल. म्हणून दोघींना दूर बसवले. राग सोडावा.

तुझा मनोहर

पवनार, १३ नोव्हेंबर १९५४

चि. मनोहर, दंडवताले आशीर्वाद, बाकीच्या पत्राले नाई.

हात तं नलूनं वर केला, मंग हजेरी पद्मीची कशी झाली? नऊ वर्षांच्या पोरीले जे सुचलं ते तुले ट्रेनिंग करून सुचलं नाई, आन् चाललेलं मोडलं! पोरं हसतात तं हसणाऱ्याले उठव ना. हिले काऊन?

धडा कळत नाई म्हणे! काल मी चुलीपुढच्या राखेत तिचं नाव काढलं, मले तेवढंच येते. तिनं त्याच्या बाजूले पद्मा लिहिलं, जोडाक्षरासकट. मंग दोन्ही नावांभोवती एकच रेघ फिरवली न् माह्याकडे पाहत राह्यली. मले चूल फुंकाचं सुचलं नाई.

बावीसले शाळा उघडते. नलू पद्मीच्या शेजारी बसन, हात वर करून तिची हजेरी लागन. हो का नाई, एवढंच कार्डावर लिही. शनिवारी, वीस तारखेच्या टपालात ते मले पाहिजे. नाई आलं तं सोमवारी पहिल्या मोटारीनं मी वडनेरले येईन, मंग साऱ्या वर्गापुढं तोंडी सांगजो.

माया ठेवजो, पण उत्तर आधी.

गोपिका