पुढच्या चाकाखालचा पेपर

सोम. १२ मे २०२५, स. ६.४०, मुर्धा
ट्रॅक्टरच्या मागे उकिडवा बसून मापं घेतोय. मामाने मोठा ट्रॅक्टर विकला, त्याचा माती भुसभुशीत करणारा पाच फुटी रोटाव्हेटर मला दिला. माझा ट्रॅ. छोटा, बागेतला. रोटाव्हेटरची पिन २८ मिमी, माझ्या ट्रॅ.च्या मागच्या, अवजार धरणाऱ्या खालच्या हातांचं भोक २२. पुन्हा मोजलं, तेच. भोक वाढवलं तर हात कमजोर होईल. पिनच बारीक करून घ्यावी.
काकांनी सांगून ठेवलंय, यंदा शेत पेरायला तयार झालं नाही तर डंपरवाल्याला पार्किंगला देणार. तो २५ ला, रविवारी, बघायला येतोय.

मंगळ. १३ मे
लेथवाला पिन बघून हसला. "भाई, बकरी पे हाथी का हौदा?" उद्या देतो म्हणाला.

गुरु. १५ मे
जोडलं! दोन हात खाली, टॉप लिंकचा दांडा वर. लिव्हर ओढला. रोटाव्हेटर उचलला गेला, आणि पुढची चाकंही. आई ओट्यावरून ओरडली, "उतर आधी खाली!"
मग थोडासाच उचलून पुढच्या चाकाखाली पेपर ठेवला, आईला ओढायला लावला. अलगद निघाला. म्हणजे चाकावर भारच नाही. किती वजन टाकलं की अडकेल?

शुक्र. १६ मे
आमच्या मिठागरातलं जुनं मीठ पडवीत पडून आहे. त्याच्या गोण्या पुढे बंपरवर बांधल्या. एक: पेपर निघाला. दोन: फाटत निघाला. तीन: हलेना! आई म्हणाली, "झाला ना? आता सोड मला, भात करपेल."

शनि. १७ मे
सकाळी राबाचा तुकडा केला. भाताची रोपं इथेच करायची. माती रव्यासारखी झाली, चाकं जमिनीवरच. उतरून बघतो तर मधली गोणी चपटी. बंपरला घासून फाटली होती. मीठ वाटभर सांडत गेलं आणि मागून रोटाव्हेटरने ते छान कालवलं.
काका बांधावर. "बापजाद्यांनी बांध घालून खारा पानी भायेर ठेवला, न तू मीठ ट्रॅक्टरवर बसवून आत आनलास रं!"
 पण मीठ नक्की कुठे पडलं? मातीची चिमूट जिभेवर ठेवत फिरलो. खाडीकडचा कोपरा खारट. बाकी ठीक, बहुतेक.

रवि. १८ मे
खारट माती पाट्या भरून बाहेर टाकली. बोअरचं पाणी भरलं, सोडून दिलं, पुन्हा भरलं. बंपरवर आता मिठाऐवजी डबराच्या गोण्या. संध्याकाळी पाणी काढून तीन जागी भिजवलेलं भात मूठभर टाकून ठेवलं, उगवतंय का बघायला.

शुक्र. २३ मे
दोन जागी दाट हिरवं. खारट कोपऱ्यात चारच कोंब, टोकं पिवळी. हे उगवतायत की मरतायत, कळत नाही. काका शेजारी येऊन बसले. एक कोंब उपटला, मूळ बघितलं, परत खोचला. 
तेवढ्यात डंपरवाल्याचा फोन. काका म्हणाले, "अभी ये संडे को मत आ."
मग कधी, ते त्याला सांगितलं नाही. मी खारट कोपऱ्याकडे पुन्हा बोअरचं पाणी वळवलं.