उजव्या खांद्यावरचा गोफ

मी, धोंडिराम येडू शिरसट, वय बासष्ट, मिलमधून निवृत्त जॉबर म्हणजे मुकादम, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. जूनपासून माझी डावी बाजू लुळी पडली आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. असल्या कागदात ‘कोणाच्याही दडपणाशिवाय’ असं लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. दडपण आहे, बत्तीस वर्षांचं आहे, आणि ते मीच मानेवर घेतलं आहे.

कलम १. राहते दोन खोल्यांचे घर माझी पत्नी सौ. मुक्ताबाई हिला तहहयात. तिच्या पश्चात ते माझी सून सौ. दाक्षायणी हिच्या एकटीच्या नावे व्हावे. मुलाच्या नव्हे, सुनेच्या. कारण कलम ४ मध्ये आहे. ते वाचल्याशिवाय कोणी तोंड उघडू नये.

कलम २. माझ्या खाटेवरच्या भिंतीला एकसष्ट गोफ टांगलेले आहेत, बहुतेक मीच विणलेले. फौजेत त्याला लॅनयार्ड म्हणतात. खांद्यावरून काखेखालून येऊन खिशात जाणारी ही विणलेली दोरी, टोकाला बहुधा शिट्टी. कोणता कोणत्या खांद्यावर, गाठ कुठे, पीळ किती, हे मी झोपेतही सांगेन. पांढऱ्यांना मुक्ताबाई दर चौदा ऑगस्टला ओला खडू लावून वाळवते. आता उठता येत नाही, म्हणून दिवसभर मी त्यांच्याकडेच बघत पडलेला असतो. कूस बदलायलाही माणूस बोलवावा लागतो, नजर तरी कुठे नेणार?

हे सगळे गोफ, सुया आणि विणायची लाकडी चौकट बँडवाल्या सिद्रामला द्यावी. लग्नाच्या वरातीत तो सोनेरी गोफ उलट्या खांद्यावर घालतो, म्हणून मी त्याला दोनदा दारातून हाकललं आहे. आता त्याने हवे तसे घालावेत. तो निदान जे वाजवतो असं सांगतो, ते वाजवतो तरी.

कलम ३. माझ्या प्रेतावर गोफ घालू नये, कोणी सलामी देऊ नये. मी फौजेत कधीच नव्हतो.

पुन्हा लिहितो, म्हणजे कोणाला चूक वाटायला नको. कधीच नव्हतो. बेचाळीस साली भरतीला गेलो, छाती दोन बोटं कमी भरली. गावाला सांगून निघालो होतो, तोंड कसं दाखवणार? पुण्याकडे फौजी कपड्यांच्या गोदामात हमाली धरली आणि घरी ‘फौजेत आहे’ असं पत्र टाकलं. चार वर्षं गोफांचे गठ्ठे बांधले. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी असायची, कोणत्या पलटणीचा, कोणत्या खांद्याचा. सगळ्या चिठ्ठ्या पाठ केल्या. शेहेचाळीस साली खाकी शर्टावर एक टाकाऊ पांढरा गोफ घालून स्टेशनवर उतरलो. मुक्ताबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिच्याकडे बघून ‘गोदाम’ हा शब्द काही तोंडातून निघेना. त्या दिवशी निघाला असता तर दोन दिवस रडली असती, बस.

पुढे गल्लीनेच मला हवालदार केलं, मग सुभेदार. फौजेत न जाता मला दोन बढत्या मिळाल्या! मी एकदाही नाही म्हटलं नाही.

कलम ४. माझा मुलगा मानसिंग खरोखरचा शिपाई आहे. एकोणसत्तर साली तो रजेवर आला. पंधरा ऑगस्टला झेंड्यापुढे त्याचा गोफ डाव्या खांद्यावर दिसला. माझ्या पाठ चिठ्ठ्यांत त्याच्या पलटणीचा खांदा उजवा होता, माझं डोकं फिरलं. सगळ्या गल्लीदेखत मी तो काढून उजवीकडे चढवला आणि म्हणालो, “एवढंही शिकवलं न्हाई व्हय तुला?” पोरगा ताठ उभा राहिला.

घरी आल्यावर हळूच म्हणाला, “आबा, आमच्यात डावीकडंच असतो. तुमचा फौजेतला नंबर काय व्हता?”

मी म्हणालो, विसरलो.

“शिपाई बायकोचं नाव विसरंल, नंबर न्हाई विसरत. आईला खरं सांगा. सांगाल त्या दिवशी येतो.”

नऊ वर्षं झाली, तो आलेला नाही. मुक्ताबाईने ठरवलं की अक्कलकोटकडची कानडी सून पोराला येऊ देत नाही. रोज सकाळी चूल पेटवताना ती दाक्षायणीला शिव्या देते आणि मी खाटेवरून ‘हं’ म्हणतो. त्या बाईचा काडीचा दोष नाही. घर तिला दिलं ते याचसाठी. नालायक मी आहे.

कलम ५. आमच्या गल्लीतले निवृत्त नाईक जोतीराम सुरवसे यांनी खरी लढाई पाहिली आहे, आणि दर वर्षी ते मला सलाम ठोकत आले. मी तो घेत आलो. त्याची माफी मागतो. हा कागद माझ्या मरणानंतर मुक्ताबाईला वाचून दाखवावा.

पुरवणी. साक्षीच्या सहीला आलेल्या जोतीरामांनी वरचं वाचून पेन खाली ठेवलं. म्हणाले, “सही करतो की! पण आदी वहिनींना वाचून दावा. मेल्यावर सांगणं म्हंजी मोर्चा सोडून पळणं.”

म्हणून आज दुपारी तिला समोर बसवून वाचलं. फौजेचं ती काहीच बोलली नाही. म्हणाली, “मी त्या पोरीला नऊ वरसं काय काय बोलले, आन् तुमी हितं पडून ऐकत व्हता?” मग म्हणाली, “पत्र लिवा तिला. आत्ता. मेल्यावर न्हाई.” लिहिलं. ते मुक्ताबाईने स्वतः जाऊन टपालपेटीत टाकलं. कलम ५ मधील शेवटचं वाक्य रद्द समजावे. बाकी कलमे कायम.

ती परत आली तेव्हा रस्त्यावरून कोणीतरी नेहमीसारखी हाक मारली, “सुभेदारसाब, रामराम!” मी सवयीने हात उचलला. ती दारात उभी होती. चाळीस वर्षांच्या संसारात उखाण्यातसुद्धा लाजत घेतलेलं माझं नाव तिने भर गल्लीत मोठ्याने घेतलं.

“हितं कुणी सुभेदार ऱ्हात न्हाई. धोंडिराम ऱ्हातो.”

सही: धोंडिराम येडू शिरसट

साक्षीदार, समक्ष वाचून:
१. जोतीराम सुरवसे, निवृत्त नाईक
२. हिंदुराव काळुंगे, शिक्षक

भवानी पेठ, सोलापूर
३ सप्टेंबर १९७८