कार्डाची मागची बाजू

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नोकरी लागली, पण पेढे वाटण्यासारखी नाही. विमानतळावर तपासणीच्या तोंडाशी उंच स्टुलावर बसतो आणि येणाऱ्याचं ओळखपत्र नि तोंड जुळतंय का ते बघतो. कार्डाच्या दोन्ही बाजू बघायच्या असा नियम आहे. सकाळच्या गर्दीत मागची कुणीच बघत नाही.

आता खरी गोष्ट. जे कॉलेज मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तिथली ती. तुला सगळं ठाऊकच आहे. ती आपल्याच गावची, महिन्याला घरी येते आणि सकाळच्या विमानाने परत जाते. काल माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता हसेल, बोलेल. हसलीही. परीक्षेचा फॉर्म भरलास का, असं विचारलं. पण तिने पुढे केलं ते लष्कराचं कार्ड. त्यावर तिचा फोटो, तिचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'आश्रित'. शेजारी तिची बॅग धरून एक कॅप्टन. इस्त्री अशी कडक की कापेल. त्याने स्वतःचं कार्ड दाखवलं आणि गार्डने सलाम ठोकला. मग हिला सैनिकांच्या छोट्या रांगेतून सोडता येईल का, असं त्याने अगदी गोड शब्दांत विचारलं. मी सोडलं. माझ्या गळ्यातल्या कार्डावर 'तात्पुरता' असं लिहिलंय, तेही त्याने वाचलं असणार.

वर्षभरात लग्न उरकलं आणि मला पत्ताही नाही. बोटातली अंगठी बघायला गेलो तर हातमोजे. पुढच्या वेळी दाखवतो मी नियम काय असतो ते.

भाऊजींना नमस्कार. तेही गणवेशातलेच, म्हणून आज जरा कमीच.

तुझा,
धाकटा

२० जानेवारी

चि. रागोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. कमी केलेला नमस्कार पोचला, म्हणाले.

अरे शहाण्या, आश्रित म्हणजे बायकोच असं तुला कोणी सांगितलं? माझ्याकडे तेच कार्ड आहे आणि माझ्या सासूबाईंकडेही. पुढून सगळी सारखीच दिसतात. नातं लिहिलेलं असतं मागे. माझ्या कार्डामागे 'पत्नी', सासूबाईंच्या मागे 'आई'. मुलगी असेल तर 'मुलगी', आणि ते तिचं लग्न होईपर्यंतच चालतं. तिचे वडील लष्करात असतील आणि कॅप्टनला त्यांनी सोडायला पाठवलं असेल. तुझं कामच कार्ड उलटण्याचं आणि तेवढंच तू केलं नाहीस.

तेव्हा तिला त्रास देऊ नकोस. कार्ड उलट आणि मग तोंड उघड. तुझा फॉर्म विचारते म्हणजे मुलीला तुझी थोडीफार काळजी आहे.

जेवत जा. माया आहेच, पत्र मात्र वेळेवर येऊ दे.

ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी आज फोडलं. पुन्हा कॉलेजवरून भाषण असणार म्हणून सव्वा महिना ट्रंकेत पडलं होतं. आता वाचून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण मधे फेब्रुवारीत ती आली होती. कॅप्टन तिला दारापर्यंत सोडून मागे फिरला आणि ती एकटीच माझ्यापुढे आली. मी नियम काढला. सैनिक सोबत असेल तरच घरच्यांना छोटी रांग, नाहीतर मोठी. खोटं नव्हतं, पण तो नियम इतके दिवस कुणालाच लावला नव्हता. मोठी रांग पार खांबांना वळसा घालून गेलेली. ती जाऊन उभी राहिली. विमान गेलं. कॅप्टनची गाडी अजून आवारातच होती. त्यानेच तिला सात तासांच्या रस्त्याने कॉलेजला पोचवलं म्हणे. मी दिवसभर शीळ घालत होतो.

असो. ती या महिन्यात येईलच. कार्ड उलटणार, माफी मागणार आणि मनातलं सांगणार. फॉर्मही आणलाय. भाऊजींना या वेळी भरपूर नमस्कार.

तुझा,
धाकटा

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सहा महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. मार्चमध्ये ती आली नाही, एप्रिलमध्येही नाही. सुट्टी असेल, आजारी असेल, नाना कारणं शोधली. खरं कारण एवढंच की ती आता विमानाने जातच नव्हती.

आज आली, कॅप्टनबरोबर. सोबत सैनिक असूनही आपणहून मोठ्या रांगेत उभी होती. तिला मागचं आठवत होतं. मी स्टुलावरून उतरून दोघांना छोट्या रांगेत आणलं. तिने कार्ड दिलं. कोरं करकरीत, तोच फोटो, तोच 'आश्रित'. मी नुसताच हातात धरून उभा, तर म्हणाली, "या वेळी तरी मागची बाजू बघ."

उलटलं. पत्नी.

मग तिने माझे आभार मानले. मनापासून, ताई, टोमणा नव्हता. तोवर वडिलांनी धाडलेल्या त्या माणसाशी ती धड दोन वाक्यंही बोलली नव्हती. त्या दिवशी मी मोठ्या रांगेत पाठवलं नसतं तर सात तास एका गाडीत बसायची वेळच आली नसती, असं म्हणाली. परीक्षेचा निकाल विचारला. पास झालो म्हटलं. तिला आनंद झाला. मी शिक्का मारला.

हल्ली मी प्रत्येक कार्ड उलटतो. रांग खोळंबते, साहेब ओरडतात. तू सुट्टीला येशील तेव्हा तुझंही उलटेन, रागावू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे. या वेळचं तुझं पत्र आल्याबरोबर फोडेन.

तुझा,
रागोबा